पाठीला पाठ

१७ एप्रिल १९९४, रविवार

माझ्या दिवंगत पत्नीची धाकटी बहीण एदना आमच्या चर्चची मासिक पत्रिका चालवते. आजच्या अंकात तिने माझी नात जोसियान हिच्याविषयी असे छापले आहे : ‘हिचे पहिले मूल पायाळू असल्यामुळे ते मार्च १९९१ मध्ये विमानातच जन्माला आले.’ व्याकरण सोडून दिले, तरी या एका वाक्यात तीन चुका आहेत.

जोसियानची ही मुलगी, मारिलू, पायाळू नव्हती. पायांकडून येते ते मूल पायाळू. मारिलूचे डोके रीतसर खाली होते. फक्त तिची पाठ आईच्या पाठीला लागलेली होती आणि तोंड आईच्या पोटाकडे होते. वास्तविक ते उलट असावे लागते. दुसरे, महिना मार्च नव्हे, फेब्रुवारी. तिसरे, ती विमानात जन्मली नाही. आमच्या बेटावरच्या इस्पितळात एक दिवस आणि एक रात्र कळा देऊनही डोके खाली सरकेना, म्हणून जोसियानला विमानाने मुख्य भूमीवर नेले आणि तेथे चिमटा लावून मूल बाहेर काढले.

विमानात रुग्ण व परिचारिका यांच्याखेरीज कोणाला जागा नव्हती. तिचा नवरा रेनो धावपट्टीच्या कुंपणाशी उभा राहिला. जोसियान तेथे चार दिवस एकटी होती. हे एदनाच्या वाक्यात नाही. त्याला चूक म्हणता येणार नाही. अपुरे म्हणता येईल.

मी दूरध्वनी करून हे सर्व सांगितले. ती म्हणाली, “भावोजी, आली ना पोर शेवटी बाहेर? मग कुठल्या बाजूनं का येईना. तुम्ही सगळ्या गावाच्या वह्या अजून तपासताय, नोकरी सुटून सतरा वर्षं झाली.”

सोळा झाली.

२१ एप्रिल, गुरुवार

जोसियानला आता नववा महिना चालू आहे. ती व रेनो माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. रेनो आज बापाची नाव रंगवण्यात गुंतलेला असल्याने इस्पितळात तपासणीला मी तिला घेऊन गेलो. परिचारिका ओदील ही माझी जुनी विद्यार्थिनी आहे. शुद्धलेखन बेताचे, हात मात्र स्थिर. तिने पोटावर दोन्ही तळवे ठेवून बराच वेळ चाचपले. मी दाराबाहेर बसलो होतो, पण दार नीट लागत नाही.

“पाठ हाताला लागत नाहीये,” ओदील म्हणाली. “पुढं सगळे हातपायच. हे बघ, कोपर.”

“म्हणजे परत तेच?” जोसियानने विचारले.

“परत तेच. पाठीला पाठ. पण घाबरू नकोस, बहुतेक मुलं कळा सुरू झाल्यावर आपली आपण फिरतात.”

“आणि नाही फिरलं तर?”

“तर वेळ लागतो, आणि कंबर मोडून निघते. स्वेटर घालताना कसं, हनुवटी छातीला टेकवली की डोकं सटकन बाहेर येतं? तोंड पुढं करून मान ताठ ठेवली तर अडकतं. तेवढाच फरक. पण तुझं दुसरं आहे. वाट झालेली आहे.”

स्वेटरची उपमा मला योग्य वाटली.

अडचण अशी की, आमच्या शल्यविशारदाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असून तो जूनपर्यंत मुख्य भूमीवर आहे. नेहमीचे डॉक्टरही मे महिन्यात रजेवर जात आहेत. त्यांच्या जागी कोणी बदली डॉक्टर येणार. म्हणजे मूल अडले तर पुन्हा विमान.

परतीच्या वाटेवर जोसियानने मोटारीची काच खाली केली. मग म्हणाली, “आजोबा, या वेळी मी विमानात चढणार नाही.”

मी म्हणालो की, असे आधी ठरवता येत नसते.

“मला ठाऊक आहे. तरी सांगून ठेवते. तिथं भिंतीवर एक माशी होती, आजोबा. चार दिवस मी त्या माशीशी बोलत होते.”

फेब्रुवारीत माशी असणे संभवनीय वाटत नाही. मी तसे म्हणालो नाही, कारण पुढे वळण होते.

२५ एप्रिल, सोमवार

मुलाची पाठ कोणीकडे आहे, हे आता गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे आणि प्रत्येकाकडे उपाय आहे. एदना बादली व फडके घेऊन आली. तिच्या मते रोज गुडघ्यांवर ओणवे होऊन जमीन पुसली की, मुलाची जड पाठ झोळीत पडल्यासारखी पुढे येते. जोसियानने माझे स्वयंपाकघर दोनदा पुसले. जमीन स्वच्छ झाली, एवढे निर्विवाद.

संध्याकाळी रेनोचे वडील लेओपोल्ड आले. आमचे मच्छीमार बंदरातून निघताना नाव नेहमी सूर्य फिरतो त्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळवतात, उलट कधीच नाही. लेओपोल्ड यांनी त्याच नियमाने जोसियानला जेवणाच्या टेबलाभोवती फिरायला लावले.

“सूर्याबरोबर चाल, पोरी. पोटातलं पण सूर्याबरोबर वळेल.”

मी म्हणालो की, प्रश्न इतका सोपा नाही. मुलाची पाठ उजव्या बाजूला मागे आहे. ती उजवीकडूनच पुढे यायची झाली, तर वरून पाहणाऱ्याला ते वळणे सूर्याच्या उलट दिसेल आणि खालून पाहणाऱ्याला सूर्याच्या दिशेने. हे दाखवण्यासाठी मी एक बटाटा घेऊन त्यावर तोंड काढले आणि तो किटलीवरच्या लोकरी टोपीत घातला.

लेओपोल्ड यांनी टोपी वरून पाहिली, उचलून खालून पाहिली. “मास्तर, तुम्ही कुठून बघणार आहात?”

“मी कोठूनच पाहणार नाही.”

“मग झालं तर. माझा नातू सूर्याच्या उलट वळणार नाही. आमच्यात कोणी वळलं नाही.”

“तुमच्यात सगळे सरळ धक्क्यावर जाऊन आपटले,” जोसियान म्हणाली. मारिलू बटाट्याला घेऊन झोपायला गेली.

२ मे, सोमवार

पाऊस. येत्या शनिवारी शेवंड, म्हणजे लॉब्स्टर, पकडण्याचा हंगाम उघडतो, वारा पडला तर. धक्क्यावर पिंजऱ्यांच्या उतरंडी रचल्या आहेत.

गेल्या आठवड्यात माझी वाचनाची खुर्ची मी वर नेऊन जोसियानच्या खिडकीशी ठेवली होती. तिची पाठ कलती आहे व पायांना आधार आहे. जोसियान दुपारभर तीत पडून असे आणि तिला बरे वाटते असे म्हणे. आज एदनाने ती पाहिली.

“भावोजी, कुणी सांगितलं तुम्हाला? असं रेलून बसल्यानंच मुलाची पाठ मागं घसरते. तुम्हीच बसवलंत ते मूल तिथं.”

मी ओदीलला दूरध्वनी केला. ती म्हणाली, “कोणी म्हणतं असं, कोणी म्हणतं तसं. सिद्ध काही झालेलं नाही, मास्तर. तिला बरं वाटतंय ना, बसू द्या.”

म्हणजे एदनाचे विधान निराधार आहे. खुर्ची मी खाली आणली. ती माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. सध्या मी पलंगावर बसून वाचतो.

६ मे, शुक्रवार

वारा पडला. उद्या पहाटे नावा निघणार. रेनो बापाच्या नावेवर आहे आणि आज जेवताना तो काही खाईना. दिवस भरायला अजून आठवडा असला, तरी जोसियानची कंबर कालपासून दुखते आहे.

“मी थांबतो,” तो म्हणाला.

“थांबून काय करशील? माझ्याकडं बघत बसशील,” ती म्हणाली. “तुझ्याशिवाय तुझा बाबा पिंजरे कसे लोटणार, दातांनी? जा. आणि रेडिओवरून कुणी निरोप दिला तरी परत फिरायचं नाही.”

पहिल्या दिवशी कोणीच परत फिरत नाही. डेकवर पिंजरे इतके उंच रचलेले असतात की, ते पाण्यात टाकून हलके झाल्याशिवाय नाव वळवणे धोक्याचे असते.

बदली डॉक्टर आजच्या संध्याकाळच्या विमानाने आल्या. ओदील सांगते की, त्या तरुण आहेत, बेटावर प्रथमच येत आहेत आणि त्यांनी अजून पेटीही उघडलेली नाही.

७ मे, शनिवार. संध्याकाळी लिहिले.

क्रमाने लिहितो.

पहाटे सारे गाव धक्क्यावर होते. फादरांनी नावांवर पाणी शिंपडले. रेनो पिंजऱ्यांच्या ढिगावर बसून हात हलवत गेला. शेवटची नाव बांधापलीकडे गेल्यावर जोसियानने माझा दंड धरला आणि म्हणाली, “आता चला. मगाचपासून चालू आहे.”

“मगाचपासून म्हणजे केव्हापासून?”

“आजोबा, गाडी काढा.”

मारिलूला एदनाकडे सोपवून आम्ही निघालो. इस्पितळात ओदीलने विचारले, “हिच्याबरोबर कोण थांबणार?” माझ्याशिवाय तेथे कोणी नव्हते. मी बाहेर बसेन, असे म्हणालो. तेवढ्यात जोसियानला कळ आली आणि तिने पलंगाचा कठडा धरून असा आवाज काढला की, मी आत गेलो.

सगळी वेदना कमरेत होती. मुलाच्या डोक्याची मागची बाजू माकडहाडावर दाबत होती. ओदीलने माझे दोन्ही हात धरून मुठी जोसियानच्या कमरेखाली टेकवल्या. “कळ आली की इथं दाबायचं, सगळं अंग टाकून. संपली की सोडायचं. लाजायला वेळ नाही, मास्तर.”

मी सांगितल्याप्रमाणे दाबले. जोसियान गुडघ्यांवर होती आणि तिने पलंगाच्या उंच केलेल्या डोक्यावर हात टाकले होते. मध्येच ओदील तिला डाव्या कुशीवर, जवळजवळ पालथी निजवे आणि वरच्या गुडघ्याखाली उशी देई. मग पुन्हा गुडघ्यांवर. मी दाबत राहिलो.

तिच्या तोंडी जी भाषा येत होती, ती येथे लिहिणार नाही. त्यात क्रियापदांची रूपेही चुकत होती. एकदा मी ती दुरुस्त केली. ती उशीत तोंड खुपसून हसू लागली. “अजून, आजोबा. अजून चुका काढा.” त्यानंतर प्रत्येक कळेला ती मुद्दाम चुकीचे बोलत असावी, असा मला संशय आहे, कारण ते रूप तिला तिसऱ्या इयत्तेपासून येते. मी प्रत्येक वेळी दुरुस्त केले. मुळीच सुधारणा झाली नाही.

बदली डॉक्टर लाफ्लाम येऊन तपासून जात. दुसऱ्या खोलीत, नावा निघण्यापूर्वीच धक्क्यावर पिंजऱ्याच्या दोरात हात चिरडलेला एक खलाशी होता. त्यामुळे त्या ये-जा करीत होत्या. बारा वाजता त्यांनी जोसियानला सांगितले, “बाळाचे ठोके छान आहेत. बाळ ठणठणीत आहे. पण ते फिरलेलं नाही आणि खालीही सरकत नाहीये. इथं ऑपरेशन करायला कोणी नाही. शिवाय संध्याकाळी धुकं येतं म्हणतात, विमान उतरणार नाही. तेव्हा दोनपर्यंत वाट बघू. दोनपर्यंत डोकं खाली आलं नाही, तर विमान मागवते.”

“नाही,” जोसियान म्हणाली.

“मला कळतंय.”

“नाही कळत तुम्हाला.”

डॉक्टरांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. मीही पाहिले, कारण त्यांचा हात माझ्या नाकासमोर होता. त्यात अकरा वाजले होते. भिंतीवरचे घड्याळ दारावर, त्यांच्या पाठीमागे होते. आमचे बेट मुख्य भूमीच्या एक तास पुढे आहे. तिकडून येणारा प्रत्येक जण विमानातून उतरताना काटे फिरवतो. त्यांनी ते फिरवले नव्हते.

तेवढ्यात कळ आली. मी दाबू लागलो.

भिंतीवर दोन वाजले, तेव्हा डॉक्टर आत होत्या. त्यांनी तपासले. “थोडंसं सरकलंय. थोडंसंच.” मनगट वळवले. “अजून एक तास आहे आपल्याकडं.” आणि त्या खलाशाकडे गेल्या.

ओदीलने भिंतीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. तिने तोंड उघडले. यंत्रावर मुलाचे ठोके एकसारखे चालू होते. मी माझे हात होते तेथेच ठेवले. ओदीलने तोंड मिटले, फडके ओले केले आणि जोसियानच्या मानेवर ठेवले.

त्यानंतर अर्ध्या तासाने जोसियान म्हणाली की, तिला जोर करावासा वाटतो आहे. डॉक्टर धावत आल्या. त्या तिला उताणे व्हायला सांगत होत्या. ती गुडघ्यांवरून हलेना. शेवटी डॉक्टरच खाली वाकल्या. मी बाहेर जाणार होतो, परंतु ओदील ओरडली, “हात सोडायचा नाही.” म्हणून मी भिंतीकडे पाहत दाबत राहिलो. भिंतीवर एका बोटीच्या कंपनीचे दिनदर्शिकेचे पान होते. त्यात एका संताचे नाव चुकीचे छापले आहे.

मूल जसे होते तसेच आले, फिरले नाही. मुलगा आहे. डोके लांबुळके झाले आहे. ते आठवडाभरात सारखे होईल, असे डॉक्टर म्हणाल्या.

“वेळ?” ओदीलने विचारले आणि स्वतःच भिंतीकडे पाहून म्हणाली, “दोन चाळीस.”

“एक चाळीस,” डॉक्टर म्हणाल्या.

ओदील म्हणाली, “इथं आम्ही एक तास पुढं असतो, डॉक्टर.”

डॉक्टरांनी वळून भिंतीकडे पाहिले, मग ओदीलकडे, मग माझ्याकडे. “तुम्हाला माहीत होतं?”

मी म्हणालो की, माझ्या लक्षात आले होते.

“मग बोलला का नाहीत?”

मी म्हणालो की, मला कोणी वेळ विचारली नव्हती.

जोसियान मुलाला छातीशी धरून पडली होती. ती म्हणाली, “डॉक्टर, हा माणूस भर मिसामध्ये फादरांना थांबवून त्यांचा अनेकवचनाचा प्रत्यय सुधारतो. सगळ्या चर्चसमोर.” आणि तिने डोळे मिटून माझी बाही धरली. बाही अशी धरली गेल्याने मला बराच वेळ उभे राहावे लागले.

८ मे, रविवार

दोन्ही मनगटे सुजली आहेत. अक्षर वाईट येत आहे.

काल जे घडले, त्याचा मी विचार केला. डॉक्टरांनी दोन वाजण्याची मर्यादा घातली होती, ती कारणासाठी. ठोके बिघडले असते किंवा धुके लवकर आले असते, तर माझ्या न बोलण्याची किंमत दोन जिवांनी दिली असती. आणि निर्णय माझा नव्हता. हे मला तेव्हाही कळत होते. ठोके नियमित होते, हे खरे. पण ते नियमित राहतील, हे मला कोठून कळणार? मी डॉक्टर नाही. मी व्याकरण शिकवले.

दुपारी डॉक्टर लाफ्लाम पाळण्याशी आल्या. त्या माझ्यावर रागावलेल्या होत्या आणि ते योग्य होते.

“दोनला मी फोन केला असता,” त्या म्हणाल्या. “विमान इथं पोहोचायच्या आतच ही मोकळी झाली असती, किंवा विमानात. सांगता येत नाही. पण पुढच्या वेळी सांगा मला.”

मी म्हणालो की, सांगेन. पुढच्या वेळी खरोखर सांगेन की नाही, हे मला ठाऊक नाही. असे अनिश्चित वाक्य मी यापूर्वी या वहीत लिहिलेले नाही.

रेनोला मुलगा झाल्याचे धक्क्यावर आल्यावर कळले. तो रबरी बुटांसकट इस्पितळात धावत आला आणि पाळण्यापाशी उभा राहून रडला. मुलाचे नाव एलोय ठेवले आहे.

१५ मे, रविवार

पत्रिका आली. या वेळी एदनाने लेओपोल्ड यांच्याकडून माहिती घेतली आहे. ‘विमान बेटावर घिरट्या घालत असतानाच मूल सूर्याच्या दिशेने वळले आणि आकाशाकडे पाहत जन्मले, पणजोबा मास्तर सिप्रियें मात्र व्हरांड्यात बेशुद्ध पडले होते.’

जोसियानने ते मोठ्याने वाचले आणि म्हणाली, “पाठवा दुरुस्ती, आजोबा. सगळी पाठवा.” ती माझ्या खुर्चीत होती. मी पुढील मजकूर तयार केला आहे.

१७ फेब्रुवारी १९९१ : मारिलूचा जन्म. मार्च नव्हे. मुख्य भूमीवरील इस्पितळात, विमानात नव्हे. पायाळू नव्हे. तिची आई तेथे एकटी होती.

२१ एप्रिल १९९४ : मुलाची पाठ आईच्या पाठीला आहे, हे या दिवशी कळले, प्रसूतीच्या दिवशी नव्हे.

२५ एप्रिल : टेबलाभोवती फेऱ्यांना या दिवशी आरंभ झाला. मूल कोणत्याही दिशेने वळले नाही.

२ मे : खुर्ची खाली आणली. कारण नव्हते. ९ मे रोजी ती पुन्हा वर नेली.

७ मे : एलोयचा जन्म, बेटाच्या वेळेप्रमाणे दुपारी दोन चाळीस. आई गुडघ्यांवर ओणवी असल्यामुळे त्याचे तोंड आकाशाकडे नसून गादीकडे होते. त्या दिवशी विमान मागवण्यात आले नाही. पणजोबा शुद्धीवर होते.

७ मे, दुपारी दोन : दोन वाजले तेव्हा दोन वाजले आहेत, हे मला माहीत होते. ही नोंद छापावी किंवा न छापावी. तीत दुरुस्ती करू नये.